मधल्या शब्दाचं गाणं

थोरल्या लेकीच्या हळदीत मी घोळ केला. आईच्या आवडीचं जुनं गाणं लावायला साउंडवाल्याला सांगितलं, पण त्याच्या नावाची सुरुवातच आठवेना. "मंधात कुठंतरी 'शेवंती' हाय," एवढंच म्हणालो.

एका कानाला हेडफोन आणि तोंडात "सापडते काका, सापडते" हे त्याचं नेहमीचंच. हरवलेल्या चपलेलाही तो हेच म्हणतो. पण त्या दिवशी त्याचा संगणक गाण्यांची लाखो नावं एकेक करून तपासत बसला. गाणं लागलं तोवर हळद आटोपली होती आणि आई हिरमुसून आत गेली होती.

ते त्याच्या मनाला लागलं असावं. परवा धाकटीच्या हळदीला त्यानं आपणहून संगणकाला जोडलेला माइक आईपुढे धरला.

"आजी, मंधातलाही शब्द चालते आता. साऱ्या नावायचे तीन-तीन अक्षरायचे तुकडे पाडून, कोणता तुकडा कोणत्या नावात हाय याचा इंडेक्स केला. तुमचा तुकडा जिथं हाय, तेवढीच नावं पाहा लागते."

आई "शेवंती" म्हणाली, आणि त्यानं माइक खाली घ्यायच्या आत गाणं सुरू झालं. माझी आई मांडवात चक्क नाचली!

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "त्याले इचारा, तुमच्या डोक्याचाही असा इंडेक्स होते का. मी सकाळी सांगितलेलं संध्याकाळी तं सापडन!"