घरमालकिणीशी मी खोटं बोलले

दिल्लीत मुनिरकाच्या माझ्या खोलीवर येऊन बराच वेळ झाला, पण यार, जिवाला चैन नाही. म्हणून तुम्हालाच विचारते.

मी पब्लिक हेल्थ शिकते. सर्वेसाठी फरीदाबादला नव्या टॉवर्सच्या मागच्या वस्तीत जाते. तिथे सुनीता भाड्याच्या खोलीत राहते, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिचा खोकला ऐकून मीच तिला तपासणीला पाठवलं होतं. आज रिपोर्ट आला. टीबी निघाला.

ती रडली नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "दीदी, मकानमालकिन को मत बताना. कमरा खाली करवा देगी."

मी शब्द दिला. बाहेर पडते तर दारातच मालकीण उभी.

"क्या बीमारी है इसे?"

"बस कमज़ोरी है, आंटी."

"अच्छा! मैं तो डर गई थी. शाम को मेरी पोती इसी की गोद में रहती है."

तशीच मागे फिरले. सुनीताला म्हटलं, आजच गोळ्या सुरू कर आणि सध्या मालकिणीच्या तान्ह्या नातीला जवळ घेऊ नकोस.

"गोद में नहीं लूँगी तो वो समझ जाएगी," ती म्हणाली.

मी म्हटलं, आणि बाळाला लागण झाली तर? शेवटी तीच बोलली, "कल आप साथ चलो. मैं खुद बता दूँगी."

उद्या सकाळी जायचंय. बाळाचीही तपासणी व्हायला हवी आणि सुनीताची खोलीही राहायला हवी. आणि त्या बाईशी आज मी खोटं बोलले आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर पहिलं वाक्य काय बोलला असता?