रुचिराचा पाच मिनिटांचा कोड

मला लिहायची सवय नाही. पण रुचिराची ही हकीकत कुणीतरी लिहायला हवी होती, आणि दुसरं कुणी लिहीना.

२००९ साली ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. मूळची सांगलीची, आमची तंजावरी मराठी ऐकून गालात हसायची. चेन्नईतल्याच पेरुंगुडीच्या एका कंपनीत ती एका बँकेसाठी सॉफ्टवेअर करत होती. ग्राहकाच्या मोबाइलवर सहा आकडी कोड जायचा, तो त्याने वेबसाइटवर भरला की ओळख पटली. कोड एकदाच चालायचा, तोही पाचच मिनिटं.

"पुढचा कोड कोणता निघणार, हे मलासुद्धा ठाऊक नसतं," ती ऐटीत सांगायची.

चाचणीसाठी तिने आमच्या ओळखीचे पेन्शनर गोळा केले. माझी बायको तुळसी त्यांची पुढारी. शुक्रवारी अकराला सगळ्यांना एकदम कोड गेले, आणि एकाचाही चालला नाही. सगळ्यांनी बारानंतर भरल्याची नोंद!

तिचे साहेब नारायणस्वामी म्हणाले, "तुझ्या प्रोग्रामचं घड्याळ चुकतंय. सोमवारी सकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर काम तुझ्या शेजारी बसणाऱ्या पुष्करकडे."

शनिवारभर ती घड्याळच तपासत बसली. जेवायलाही उतरेना, तेव्हा तुळसी डबा घेऊन वर गेली. मागोमाग मी.

"मावशी, तुम्हाला कोड कधी आला होता?"

"अकराला."

"मग भरलात कधी?"

"बारा वाजल्यावर. शुक्रवारीं साडेदहा ते बारा राहुकाळ, गे! त्यांत बँकेचें काम कोण करतें? मीच सगळ्यांस फोन करून थांबवलें."

"मावशी! माझं काम जात होतं!"

"अय्यो! आणि बँक बुडली असती, तर?"

रुचिरा कपाळाला हात लावून हसत सुटली. "अहो, तो कोड ठेवून चालत नाही. शिळा होतो."

"मग डोसा म्हण कीं. पान मांडल्याशिवाय तव्यावर घालतेसच कशाला?"

रुचिराचं हसू थांबलं. डबा तसाच ठेवून ती कॉम्प्युटरकडे वळली.

सोमवारी तिने साहेबांना नवी रीत दाखवली: ग्राहकाने बटण दाबलं, तरच कोड तयार होणार. कारण सांगताना मात्र ती चाचरली. राहुकाळ म्हटल्यावर साहेब हसतील, अशी तिला धास्ती.

साहेब हसले नाहीत. "आज तो साडेसात ते नऊ," ते म्हणाले. "नाहीतर तुला साडेनऊला कशाला बोलावलं असतं?"

काम रुचिराकडेच राहिलं. पुष्करने फक्त बटणाला हिरवा रंग दिला.