फॉर गुड म्हणजे
इंग्रजीची काळजी इंग्रजांनी कधीच सोडली असेल, पण काळेवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी ती अजून सोडलेली नाही. चाकणच्या एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली, आणि मेलमधला एक शब्द चुकला की माल कसा भलतीकडे जातो हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो. काकू गेल्या, मुलगा कॅनडात. घरात चूक करायलाही कुणी उरलं नाही, म्हणून काका प्लास्टिकची खुर्ची टाकून जिन्यात बसू लागले. एकदा मी कंपनीच्या बससाठी धावत उतरत होतो, तर खुर्ची आडवी. "काय राव, बसला वेळ आहे ना?" "हो काका, ऑन टाइम पोचतो." झालं! "ऑन टाइम बस येते. ठरल्या वेळेला. माणसानं इन टाइम पोचायचं, उशीर व्हायच्या आत." हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत बस ऑन टाइम येऊन गेलीसुद्धा.

तळमजल्यावरचे आजोबा वारले तेव्हा त्यांच्या मुलाने बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, 'ॲट लास्ट बाबा गेले.' बिचाऱ्याला नुसतं 'शेवटी' म्हणायचं होतं. काका भेटायला गेले, हात जोडले, डोळे पुसले आणि म्हणाले, "ॲट लास्ट म्हणजे एकदाचे! सुटलो बुवा, असं होतं ते." सूनबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. माझ्या रूममेटची तर त्याहून फजिती. गावाकडे चांगली नोकरी लागली, म्हणून चांगल्यासाठी चाललो या अर्थाने तो सगळ्यांना 'फॉर गुड, फॉर गुड' सांगत गेला. तिथे जमलं नाही, बॅग घेऊन परत आला, तर काका जिन्यात उभे. "तुम्ही कसे काय? फॉर गुड म्हणजे कायमचं! तसा गेलेला माणूस परत येत नसतो." मग स्वतःच चहा करून त्याला पाजला, आणि मगच घरात जाऊ दिलं.

कॅनडातल्या मुलाची मोटरसायकल मात्र खाली कव्हर घालून उभी असते. दर रविवारी काका ती पुसतात, सुरू करतात, थोडा वेळ धडधडू देतात. "फॉर अ व्हाइल, थोड्या दिवसांसाठी गेलाय तो. म्हणजे परत येणं आलंच."

परवा संध्याकाळी आम्ही जिन्यात चहा पीत होतो, तेवढ्यात मुलाचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू. "पप्पा, इथे घर घेतलं. आता आम्ही इथेच. फॉर गुड." काका म्हणाले, "वा, वा." थंडीची चौकशी केली, सुनेला आशीर्वाद सांगितला. फोन ठेवल्यावर सदऱ्याच्या टोकाने तो उगाच पुसत बसले.

"फॉर गुड म्हणाला ना तो?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं. "म्हणजे चांगल्यासाठीच की."

"हो काका," मी म्हणालो, "चांगल्यासाठीच."

त्यांनी माझी चूक सुधारली नाही.