तिसरा रणगाडा

नगरच्या छावणीत मी सहा वर्षं जवानांना रणगाडे ओळखायला शिकवलं. त्यातलं शेवटचं वर्ष मला स्वतःलाच ते नीट दिसत नव्हते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि डावा आधीपासूनच अधू. सांगितलं असतं तर डॉक्टरचा शेरा बसला असता, उस्तादगिरी गेली असती, आणि माझ्यासारख्या तापट माणसाला दुसरीकडे कोण विचारणार होतं? गप्प बसलो.

परीक्षेची रीत सोपी होती. समोरच्या उतारावर लाकडाचे छोटे रणगाडे मांडायचे. जवानाने दुर्बिणीतून दहा मोजेपर्यंत बघायचं आणि सांगायचं, आपला की दुश्मनाचा. चाकं किती, नळीवरचा फुगीर भाग टोकाला की मधे, एवढ्यावर ओळखायचं. चुकलं तर लढाईत आपलीच माणसं जळतात, हे मी इतक्यांदा बजावलं होतं की पोरं झोपेतही बडबडत असतील. मांडणी मी स्वतः करायचो आणि क्रम पाठ ठेवायचो. त्या पाठांतरावर माझं वर्ष निघालं.

त्या दिवशी माझी मांडणी झाल्यावर वाऱ्याने तिसरा रणगाडा पडला आणि त्याची नळी मोडली. माझ्या जोडीच्या उस्तादाने पेटीतला दुसराच काढून तिथे ठेवला आणि मला सांगायचं राहून गेलं.

बारा जण होते. पहिला आला तो श्रीगोंद्याकडचा. मी मिरजगावचा, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच चालायचं. रणगाड्यावरचा तोफची व्हायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दोनदा नापास झालेला. आता चुकला तर तोफ हातची जाणार आणि भांडारात रवानगी होणार.

तिसऱ्या रणगाड्यावर तो म्हणाला, "आपला, उस्ताद."

"नीट बघ."

तो पुन्हा वाकला. "आपलाच हाय, उस्ताद."

"दुश्मनाचा! नापास!" मी असा ओरडलो की सगळ्या रांगेने ऐकलं. पुढचे अकराच्या अकरा जण तिसऱ्याला दुश्मनाचा म्हणाले आणि पास झाले. आपण बरं शिकवलंय, असं वाटून मी खूश झालो.

रांग पांगल्यावर मी उतारावरचे रणगाडे गोळा करायला गेलो. तिसरा हातात घेतला तर नेहमीपेक्षा जड लागला. डोळ्याजवळ नेला, बोटाने चाकं मोजली. आपला होता. निकालाचा कागद अजून माझ्याच खिशात होता, खाडाखोड करायला एक मिनिट पुरलं असतं. मी रणगाडा पेटीत ठेवला आणि संध्याकाळी कागद साहेबांकडे दिला. ते अकरा जण पुढे सीमेवर गेले. त्यांनी तिथे काय काय ओळखलं, हे विचारायची माझी आजही छाती होत नाही.

तिसऱ्या दिवशी तो श्रीगोंद्याकडचा पोरगा माझ्या खोलीवर आला. हातात दवाखान्याची चिठ्ठी होती.

"उस्ताद, डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हनले, डोळे एकदम चांगले हायत. मंग मला तो आपला का दिसला?"

"घाई केलीस," मी म्हणालो.

"व्हय, उस्ताद." त्याने चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. "तुमी एवढं शिकवलं, आन मी तुमचं नाव घालवलं. माफ करा."

आणि मी त्याला माफ केलं.