सेक्रेटरीकाकांची बंद पडलेली लीग

सेक्रेटरीकाका जन्मात उत्तरेला अंबाल्याच्या पलीकडे गेले नाहीत, पण उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींच्या गावांत कोणी कोणाला किती गोलांनी हरवलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या गावांची मिळून एक फुटबॉल लीग होती. खाणी बंद पडल्या, गावं ओस पडली, लीगही गुंडाळली गेली. इंग्लंडात आता तिची आठवण कुणाला असेल की नाही, देव जाणे. दिल्लीत मुनिरक्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र ती रोज चहाबरोबर निघायची.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. पुण्याहून गुरगावच्या कंपनीत नवा आलो होतो, दिल्लीत काळं कुत्रं विचारत नव्हतं. काकांनी पहिल्याच रविवारी पोहे खायला बोलावलं. "फुटबॉल बघतोस?" "वर्ल्ड कप बघतो." "म्हणजे नाही," असं म्हणून त्यांनी एक जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. दर्यागंजला फूटपाथवर मिळालेला, त्या लीगचा समग्र इतिहास. लिहिणाराही त्यांच्याच जातकुळीतला असावा, कारण पावसामुळे न झालेल्या सामन्यांचीही त्यात हकीकत होती.

नोकरीत असताना काका स्वतः दिल्लीच्या मोहल्ल्यांतल्या संघांची लीग चालवायचे. 'सेक्रेटरी' हे नाव तिथलंच. मोज्यांचा रंग चुकला म्हणून त्यांनी एका कप्तानाला मैदानातून घरी पाठवलं होतं. काकूंची तर जुनी तक्रार होती, "आमच्या लग्नात माझ्या मामांची गाडी लेट होती. हे म्हणाले, मुहूर्त म्हणजे मुहूर्त. शेजाऱ्यांनी मला बोहल्यावर आणलं."

मला भेटलेले काका मात्र वेगळेच होते. कुणालाही उशीर झाला की ते कारण विचारायचे आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. कामवाली उशिरा आली की, "क्या हुआ, बेटा?" मग तिच्या सासूची दाढ, डॉक्टर, रिक्षावाल्याशी झालेलं भांडण, सगळं ऐकत बसायचे. मला हसू यायचं. एकदा मी म्हटलंच, "काका, एवढी चौकशी कशाला करता?"

त्यांनी पुस्तकातलं एक पान काढून दिलं. एका गावचा संघ ठरलेल्या सामन्याला आला नव्हता. नियमाप्रमाणे संघ बाद, आणि त्यानं आधी खेळलेल्या सामन्यांचे निकालही पुसून टाकायचे. पण तिथल्या सेक्रेटरीनं आधी माणूस पाठवून विचारलं, का आला नाहीत? खाणीत छत कोसळलं होतं आणि सगळे खेळाडू माणसं काढायला खाली उतरले होते. निकाल राहिले, सामना नंतर खेळवला गेला.

"आमचाही नियम हाच," काका म्हणाले. "इथला एक संघ असाच एकदा आला नाही. मी घड्याळ बघितलं आणि त्यांचे सगळे निकाल रद्द करून टाकले. त्यात देवेंद्र म्हणून एक पोरगा होता. काय खेळायचा. खेळाडूंच्या कोट्यातून त्याची सरकारी नोकरी ठरत आली होती. निकाल गेले, त्याचे गोल गेले, नोकरीही गेली. मी मनाला सांगत आलो, नियमापुढे माझा काय इलाज? मग हे पुस्तक हाती लागलं. इलाज होता रे. नुसतं विचारायचं होतं."

"सोडा हो काका. तो विसरलाही असेल."

"तो विसरला असेल तर बरंच आहे. मला विसरता येत नाही ना."

देवेंद्र कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. बाजाराच्या वाटेवर त्याचं नळ-फिटिंगचं दुकान होतं. काका भाजी आणायला नेहमी लांबच्या गल्लीनं का जातात, ते मला तेव्हा कळलं. शेवटी एका सकाळी म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्यानं जाववत नाही."

देवेंद्र त्यांना बघून उठून उभा राहिला. "अरे, सेक्रेटरी साहब. आइए, बैठिए."

काका बसले नाहीत. "देवेंद्र, उस दिन तुम लोग क्यों नहीं आए थे?"

त्यानं शांतपणे हात पुसले. "उस दिन पूछते तो बता देता, सर. अब तो मेरा लड़का नौकरी ढूँढ रहा है. रहने दीजिए. चाय मँगाता हूँ."

काकांनी माफी मागितली. "ठीक है, सर," म्हणून तो गिऱ्हाइकाला नळ दाखवायला वळला. काकांनी चहा संपवला. परत येताना एवढंच म्हणाले, "चहा पाजला त्यानं. हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं."

पुढे काका-काकू मुलीकडे नाशिकला गेले. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मग तब्येत बिघडली. "येऊन जा ना एकदा," ते म्हणायचे, आणि मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात नक्की." ऑफिसात काम होतं हे खरं, पण एक शनिवार काढता आला नसता इतकं नव्हतं. काका गेले तेव्हाही मी गेलो नाही. त्याची मला लाज वाटते.

काही दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी कारणं जुळवून ठेवली होती: प्रोजेक्ट, तिकिटं, सुट्टी. शेवटच्या दिवसांत काका कसे होते ते तिनं सांगितलं, माझ्या आईची तब्येत विचारली, जेवणाचे हाल होत नाहीत ना म्हणाली. मी का आलो नाही, ते तिनं विचारलं नाही.