उन्हात न्यायचं बाळ

नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत, चर्चच्या फाटकाबाहेर एक बाई मेणाच्या वस्तू विकत बसली होती. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. तिच्या गळ्यात मात्र बुद्धाचं लॉकेट होतं. प्रत्येक बाळ गिऱ्हाइकाला देण्याआधी ती पदरानं त्याचं तोंड पुसायची, पोराला शाळेत धाडताना पुसावं तसं.

आईच्या गुडघ्यासाठी मी पाय घेतला आणि मास्तरकीच्या खोडीनं विचारलं, "तुम्ही बौद्ध ना? मग इथं कशा?"

"दोघांकडं जाऊन आले," ती म्हणाली. "पोरगी आजारी पडली तेव्हा इथं बाळ वाहिलं. येशूनं एका विधवेचं मेलेलं पोर उठवलं होतं म्हणे. माझी नाय उठली. मग विहारात भन्तेजींनी गोष्ट सांगितली. अशाच एका आईला बुद्धानं मोहरी आणायला धाडलं, ज्या घरात कुणी मेलं नाय तिथली. तसं घरच सापडलं नाय. मरण सगळ्यांनाच आहे, हे तिला समजलं."

"आणि तुम्हाला?"

"मलाबी समजलं. समजून घरी गेले, तर तिची चप्पल दारातच."

एकानं मरणाला हरवलं, दुसऱ्यानं ते पत्करायला शिकवलं, या फरकावर मी कॉलेजात वर्षानुवर्षं बोलत आलोय. ती चप्पल त्यात कुठंच बसत नव्हती.

तेवढ्यात एक नवं जोडपं आलं. विकणारीनं एक बाळ उचललं, त्याचं तोंड पुसलं आणि त्या नव्या नवरीच्या ओंजळीत ठेवलं.

"पदराखाली धरा, बाई. उन्हात राहत नाय."