फ्लॉपीवरचं कुंकू

सौंसरच्या एका संत्रा रोपवाटिकेत मी कॉम्प्युटरवाला बाबू होतो आणि त्याचा मला भारी ताठा होता. तिथल्या माळीबुवांनी वीस वर्षं झाडाझाडाची नोंद ठेवली होती: कलम कुठल्या झाडाचं, रोग कधी आला, बहार कसा धरला. वह्यांना वाळवी लागलेली. म्हणून उन्हाळाभर ते शेजारी बसून सांगत गेले, वाळवीनं खाल्लेलं आठवून भरत गेले आणि मी टाइप करत गेलो. काम संपल्यावर त्या वह्या मीच बंबात घालायला लावल्या. बावीस फ्लॉप्यांवर बॅकअप घेतला, कपाटात ठेवायला बुवांच्या हाती दिला आणि म्हणालो, मशीन नुसता डबा आहे, जीव यांच्यात आहे.

दसऱ्यानंतर नागपूरहून दुसरी हार्ड डिस्क आली. तिची पार्टिशनं, म्हणजे भाग, पाडायला बसलो, तर तिच्यावर आधीच एक भाग दिसला. दुकानदारानं तपासताना केला असेल, असं धरून मी तो पुसला. पण मशीनमध्ये दोन्ही डिस्क होत्या आणि मी नवी निवडलीच नव्हती. पुसली ती जुनी, बुवांची झाडं असलेली.

तरी बॅकअप होता. पहिली फ्लॉपी घातली. मशीन नुसतंच घरघरत राहिलं. बाहेर काढून पाहिली, तर पाकिटाच्या खाचेतून चकती उघडी दिसते, नेमकं तिथे हळदकुंकू लावलेलं. बावीसच्या बावीस तशाच. कापसानं पुसायला गेलो तर ओरखडे उठले.

"खंडेनवमीले लावलं न जी," बुवा म्हणाले. "तुमीच त म्हनलं होतं, जीव याच्यात आहे."

रागवायचं तरी कुणावर? दिवाळीनंतर बुवा निवृत्त होणार होते. त्यांनी मला कोरी वही आणायला लावली आणि बागेतल्या झाडांच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सांगायला बसले. पहिली ओळ भराभर सांगितली. दुसरीतल्या तिसऱ्या झाडापाशी अडले. उठून बागेत गेले, त्या झाडाच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि परत आले.

"तुमी त लिवलं होतं न बाबू, याचं कलम कोन्या झाडाचं?"

मला आठवेना. मी नुसतं टाइप केलं होतं.